चौथी बाजू

"जो पहिला बाद, त्याच्याकडे आई," थोरल्यानं सांगितलं आणि चौघांच्या बुद्धिबळाचा पट टेबलावर उलगडला. अधिकच्या चिन्हासारखा पट, चार बाजूंना चार फौजा, ज्यानं त्यानं उरलेल्या तिघांशी लढायचं. या घरातली भांडणं पोरं लहान असल्यापासून याच पटावर मिटत आली होती. बाप होता तोवर चौथा तो असायचा. आज कोणी नव्हतं, म्हणून आईलाच बसवलं. ती न्हाणीत घसरून पडल्यापासून डॉक्टर म्हणत होते, हिला एकटं ठेवू नका.

खेळ सुरू झाला म्हणायचा, पण पुढे कोणी येईना. थोरल्यानं एक प्यादं हलवलं नि हाताची घडी घातली. धाकट्यानं घोडा काढला, तोही राजाच्या पहाऱ्याला. समोरच्या लेकीनं तर वजिराला जागचं हलू दिलं नाही. सुरुवातीलाच जो धावून जातो त्याला बाकीचे मिळून खातात, हे बापानंच शिकवलेलं. दुसऱ्यांना आपसात भिडू द्यावं, आपण दार लावून बसावं.

आई बघत होती. ती बोचकं घेऊन दाराशी उभी असल्यासारखे तिघांनी आपापले राजे आत कोंडले होते. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढंच कळत होतं.

तिनं राजापुढचं प्यादं सरकवलं. पुढच्या खेपेला राजाच बाहेर काढला. मग आणखी पुढे.

"आई, राजाला कुठं फिरायला नेतेस?" धाकटा हसला. "वजीर तरी पाठव सोबतीला."

"घरात बसून कंटाळला असेल," लेक म्हणाली.

"तू खेळ गं. सासरी उघडतेस का एवढं तोंड?" थोरला बहिणीवर डाफरला.

उघड्यावरचा राजा बघून तिघांचे हात शिवशिवले. पेंगत बसलेल्या फौजा जाग्या झाल्या. धाकट्याच्या उंटानं शह दिला. आईला वजीर मध्ये घालता आला असता. तिनं राजाच पुढे नेला. लेकीनं एक वाट अडवली. थोरल्यानं आपला वजीर टक्कन आणून ठेवला.

"मात! चला, एक डोकं कमी झालं."

"म्हणजे पहिली बाद मी," आई म्हणाली. "मग आई माझ्याकडे."

लेकीचा हात पटावर तसाच राहिला.

"असं कसं?" थोरला म्हणाला. "तुला धरलं नव्हतं गं. तू नुसती चौथी बाजू भरायला..."

"मारताना बरं धरलंस."

टेबलाला रेटा देऊन ती उठली. लेकीनं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. भिंत चाचपत ती आतल्या खोलीकडे निघाली. तिला वेळ लागला. तेवढ्यात 'माझ्याकडे चल' एवढं तिघांपैकी कोणालाही म्हणता आलं असतं.

मागे मोहरे एकेक करून डब्यात पडत होते.