मिनिटानंतरचा फोटो

१९९८ साली हैदराबादहून संशोधनासाठी आकाशात सोडलेल्या फुग्याचा कॅमेरा मिरजगावजवळ, बन्सी आणि अंकुश या भावांच्या रानात पॅराशूटसकट उतरला. पॅराशूटच्या कापडावरून दोघं भांडले आणि बन्सी मेला. ‘पाय घसरून दगडावर पडला,’ असं त्यांच्या आईनं, हौसाबाईनं, पोलिसांना सांगितलं. सावडणं उरकल्यावर फुगा सोडणारी इंजिनिअर दीपा कॅमेरा न्यायला आली. मागच्या फुग्याच्या वेळी लोकांनी कॅमेऱ्याचा डबा उघडून रीळ उन्हात ओढलं होतं. म्हणून यंदा तिनं डिजिटल कॅमेऱ्यात फेरफार करून तो बसवला होता. उतरल्यावरही तो दर मिनिटाला आपोआप फोटो काढत राहिला होता. हौसाबाईच्या ओट्यावर तिनं लॅपटॉपवर फोटो उघडले आणि पडदा झटकन स्वतःकडे वळवला. “काय दिसतंय, बाई?” हौसाबाईनं विचारलं. “मावशी, नका बघू.” “बगू द्या. अंकुशनं रागात एकदाच मारलं, मला ठावं हाय. एक गेला, दुसरा तरी राहावा म्हनून खोटं बोलले.” दीपानं पडदा तिच्याकडे वळवला. एका फोटोत बन्सी डोकं धरून गुडघ्यावर बसला होता. मिनिटानंतरच्या फोटोत तो रक्तानं माखून आडवा पडला होता, त्यानं एक हात वर धरला होता, आणि अंकुशनं टिकाव पुन्हा उगारला होता. हौसाबाईनं पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं. आतून अंकुशनं चहा मागितला. तिनं उठून दाराला बाहेरून कडी घातली. “तुमची जीप फौजदाराकडं घ्या, बाई,” ती म्हणाली. “मी येते संगं.”