सापडली

"सांग तरी, डबी नेमकी होती कुठं?" निमकरकाकूंनी सुहृदला विचारलं. लपवलेल्या डब्या जीपीएसवरून शोधणारी हौशी मंडळी टेकडीच्या पायथ्याशी चहाला जमली होती. काकूंचे हात करवंदीच्या काट्यांनी ओरबाडले होते.

सुहृदनं चहाचा कप खाली ठेवला. टेकडी तो चढलाच नव्हता. गटात आपलं नाव वर राहावं म्हणून त्यानं घरबसल्या अ‍ॅपवर 'सापडली' असं ठोकून दिलं होतं. डबी हरवली असावी, ही कुजबुज त्या एका शब्दानं थांबली आणि काकू पुन्हा पुन्हा टेकडी चढत राहिल्या.

"कातळाच्या भेगेत होती ना?" काकूंनीच सुचवलं.

सगळे ऐकत होते. त्यानं मान डोलावली.

"अरे, तिथं तर मी कोपरापर्यंत हात घातला होता!" काकू हसल्या, पण हसू लगेच विरलं. "नजर अधू होतीच, आता हातांनाही कळेनासं झालं म्हणायचं."

त्यांनी गळ्यातलं जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. "घे. माझं शोधणं संपलं."

"काकू..." एवढंच त्याच्या तोंडातून निघालं.

"आभार कसले मानतोस, वेड्या!" म्हणत त्यांनी ओरबाडलेल्या बोटांनी त्याची मूठ मिटवली.