हसरी सून

सुनेने कायम हसतमुख दिसावं, हा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे कालपासून पोटात कळा येत असूनही, डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा ती सवयीने हसलीच.

“नाटकं हो नुसती,” सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनाही ते पटलं. “गॅस असेल. घरी जा.”

ती टेबलावरून हलेना. “आधी मशीन लावून आत बघा. मग जाते.”

सोनोग्राफीत फुटलेलं अपेंडिक्स दिसलं. लगोलग ऑपरेशन झालं.

घरी परतल्यावर तिने बैठकीच्या भिंतीवर, घरच्यांच्या फोटोंमध्ये, सोनोग्राफीची काळी फिल्म टांगली.

“हे कसलं ध्यान लावलंस गं?” सासूबाई कडाडल्या.



“माझाच फोटो आहे, आई. सगळ्या भिंतीवर या एकातच मी हसत नाहीये.”