गुलाब आणि डांबर

मेलिसाने ट्रेमधला मधला ग्लास उचलून दुधाच्या पातेल्यामागे लपवला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला. दिसायला दोन्ही सारखेच. जुनी रेड वाइन विटकरी पडते, हे पप्पांनीच सकाळी कौतुकाने सांगितलं होतं. कोऱ्या चहात कोकमाचं सरबत घातलं की नेमका तोच रंग येतो, हे तिने दुपारी शोधून काढलं होतं.

"बाय, आण गं लवकर!" बाहेरून पप्पांची हाक आली.

पप्पा म्हणजे तिचे सासरे, व्हॅलेंटाईन. उभा जन्म इटालियन क्रूझवर पाहुण्यांना वाइन वाढण्यात गेलेला. शेवटच्या सफरीत मिळालेली बारोलो या इटालियन रेड वाइनची बाटली त्यांनी बाळकुमच्या या फ्लॅटमध्ये कपाटात आडवी जपली होती. आज ती उघडली, कारण मेलिसाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून ती ऑफिसला जाणार आणि लहानगी ज्युलियाना दिवसभर आजोबांकडे राहणार.

फक्त पप्पांना वास येत असला पाहिजे.

गेल्या वर्षीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं. मागच्या महिन्यात दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि घरभर गॅस पसरला. मेलिसा खालून भाजी घेऊन आली तेव्हा पप्पा निवांत पेपर वाचत होते. बाजूला बाळ झोपलेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पप्पांनी जाहीर केलं, "आलं बरं का माझं नाक परत!"

तिच्या नवऱ्याने, पॉलने, लगेच विश्वास ठेवला. मेलिसाने नाही. नातीसाठी पप्पा काहीही बोलले असते. पण सासऱ्यांना डोळे मिटायला लावून नाकाशी कांदा कोण धरणार?

म्हणून हा ग्लास. आंबट-तुरट तर जिभेलाही कळतं, आणि ते दोन्हींत होतं. बाकीचा फरक नाकालाच कळला असता.

तिने ट्रे बाहेर नेला. मधला ग्लास पप्पांकडेच जाईल असा धरला.

"काय र व्हॅली, येवढीशीच?" पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त नाथाकाका ग्लासात डोकावले. "औषध हाय का काय?"

"नाथा, आधी हुंगायची. प्यायची नंतर."

"हुंगायला मी काय मांजर हाय?"

पॉल इतका हसला की त्याच्या मांडीवरचं बाळही खिदळायला लागलं. पप्पांनी दोघांना ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा ते दाखवलं. नाथाकाकांनी फिरवताना चार थेंब शर्टावर घेतले.

"ओल्या मातीसारखा येतोय," पॉल म्हणाला.

"मना तं शाळेतल्या जुन्या बाकाचा येतंय."

"शाब्बास! लाकूड!" पप्पा खूश झाले. "पिपात मुरते ना ती. नाथा, तुझं नाक सोन्याचं रे."

मग त्यांनी स्वतःचा ग्लास उचलला. उजेडासमोर तिरका धरला, अलगद फिरवला आणि नाक आत घातलं.

ते थांबले. ग्लासाकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं.

मेलिसाने ट्रे छातीशी घट्ट धरला. बोला पप्पा. हे काय दिलंस म्हणून ओरडा माझ्यावर.

पप्पांनी डोळे मिटले. "गुलाब," ते हळूच म्हणाले. "वाळलेला गुलाब. आणि मागून डांबर. नवीन रस्ता झाल्यावर येतो ना, तसा."

त्यांनी घोट घेतला. खांदे थरथरले, डोळ्यांत पाणी तरळलं. शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी ग्लास संपवला.

"व्हॅली रडतंय र!" नाथाकाका म्हणाले आणि त्यांचाही आवाज ओला झाला.

"बघितलंस?" पॉलने मेलिसाला कोपराने ढोसलं. "तू उगाच पोलिसगिरी करत होतीस."

ती हसली. मग बाळाला त्याच्याकडून घेऊन आत गेली. बाहेर नाथाकाका आपल्याच ग्लासात गुलाब शोधत होते, पॉल मोठमोठ्याने पप्पांची तारीफ करत होता. इतकं हसणं या घरात कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तिला ते मोडवेना. पण पोरीला या नाकाच्या भरवशावर सोडून जाणंही शक्य नव्हतं. ऑफिसातल्या तिच्या टेबलाजवळची खिडकी, डबा खाताना चालणाऱ्या गप्पा, स्वतःचं काम, सगळं राहिलं. ज्युलियाना तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती.

रिकामे ग्लास घेऊन पप्पा आत आले.

"पप्पा, मी सोमवारी नाही जात."

"का गं बाय?"

तिला खरं सांगवेना. तिची नजर त्यांच्या हातातल्या ग्लासावर गेली. पप्पांनीही ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पायाने दार लोटून घेत ते कुजबुजले,

"वेडी का तू? एक ग्लास सांडला म्हणून कुणी नोकरी सोडतं? माझ्या हातून जहाजावर ट्रेच्या ट्रे गेलेत. आपल्या माणसाला पाहुण्यांसमोर उघडं पाडायचं नाही, एवढंच मी तिथं शिकलो. पण नाथाच्या बायकोचं कोकम सरबत होतं ना ते? बायजाच्या त्या भाजक्या जिऱ्याच्या वासाला गुलाब म्हणताना हसू दाबून दाबून जीव गेला गं माझा!"