त्याच्या रक्ताची नळी

भावाच्या फुफ्फुसात बुरशी पसरली, तेव्हा बहिणीच्याच प्रयोगशाळेत बुरशीवरचं नवं औषध तयार होतं. औषधाने बुरशी मरत होती. माणसाला झेपेल का, एवढंच तपासायचं होतं. आईने पदर पसरला, “चोरून आण, पण दे त्याला.” “तपासल्याशिवाय नाही, आई. विषारी निघालं तर?” भावाने खाटेवरून हात पुढे केला, “तपासायला माझंच रक्त घे, ताई. लहानपणापासून पीतच आलीयेस!” तपासणीत त्या रक्ताचा नंबर भाऊ गेल्यावर चौथ्या दिवशी लागला. औषध घातक असतं, तर रक्तपेशी फुटून नळीतलं पाणी लाल झालं असतं. रक्त तळाशी निमूट बसलं होतं, वर नितळ पाणी. तिने वहीत लिहिलं, ‘सुरक्षित’. आईचा फोन आला. “दिलं असतं तर वाचला असता ना?” आजवर तिने एकही निकाल खोटा सांगितला नव्हता. नळी तिने मुठीत आवळली. “विषारीच निघालं, आई.”