दोन साक्षीदार हवेत

थोरल्याचा अंगठा मुरगळला.

धाकट्याचा चष्मा गाडीत राहिला.

थोरल्याच्या बायकोला आठवलं, की तिची सही बँकेतसुद्धा कधी जुळत नाही.

धाकट्याची बायको बाळाला झोपवायला आत गेली. बाळ बाहेरच राहिलं.

हे सगळं एका मिनिटात झालं. त्याआधी वकील एवढंच म्हणाले होते, "आता दोन साक्षीदार हवेत. या मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्यानं, किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं, सही करायची नाही. केली, तर त्याचं मिळणारं गेलं."

काकूंनी सगळ्यांसमोर आपली सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. होते ते हे दोन पुतणे आणि त्यांची बहीण चिमी. उद्या काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, म्हणून कागद आजच पुरा व्हायला हवा होता. मजकूर वकिलांनी दुसऱ्या कागदाखाली झाकला होता. सह्यांपुरती जागा तेवढी उघडी.

"या कुणीतरी पुढे," काकू म्हणाल्या.

थोरला म्हणाला, धाकट्याचं अक्षर लहानपणापासून चांगलं. धाकट्यानं मोठ्या भावाचा मान पुढे केला, जन्मात पहिल्यांदाच. थोरल्याच्या बायकोनं, थोरलीनं, शेजाऱ्यांना बोलवायचं सुचवलं, पण शेजाऱ्यांनी दारात गाडी लावल्यापासून काकूंचा त्यांच्याशी अबोला होता. वकील घड्याळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चिमी हात पुसत बाहेर आली. ती काकूंजवळच राहायची. या घराशिवाय तिला दुसरं दार नव्हतं.

"द्या इकडे, मी करते. माझी भांडी पडलीयेत अजून."

तिनं पेन उचललं, वाकली, आणि वकिलांनी अख्खा पंजा कागदावर ठेवला.

"तुमची नको."

"का?"

वकिलांनी घसा साफ केला. "हात ओले आहेत."

चिमीनं हात उलटेसुलटे करून दाखवले. कोरडे होते.

"तरी नको."

मग थोरलीनं छताकडे पाहिलं, खिडकीच्या नव्या जाळीकडे पाहिलं, भिंतीतल्या कपाटाकडे पाहिलं. स्टेशनवर माणसं सोडायला आल्यासारखं, एकेकाकडे थोडं थोडं. घर गेलं होतं. पण काकूंचा बाजारात एक गाळा होता, बँकेतही काहीतरी असणारच. ते कुणाकडे जातंय हे कळायचा रस्ता आता सगळ्यांनाच दिसला होता. सही करायला जायचं आणि वकील अडवतात का, ते बघायचं.

थोरलीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. थोरल्याचा अंगठा बरा झाला.

त्यानं पेन घेतलं. टोक कागदाकडे इतकं हळू नेलं, की मधे एखाद्याचं जेवण उरकलं असतं. डोळे वकिलांच्या तोंडावर. वकील खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्हाला काही म्हणायचं नाही?" थोरल्यानं विचारलं.

"आहे ना. खाली पूर्ण पत्ता लिहा."

आता मागे हटावं तर सगळ्यांदेखत हावरेपणा उघडा पडला असता. थोरल्यानं सही केली. पत्ता लिहिताना पिनकोड चुकला.

धाकट्याचा चेहरा खुलला. भावाला काही नाही, म्हणजे गाळा कुणाचा हे सांगायला वकील कशाला हवा होता? आपल्याला अडवणार याची त्याला एवढी खात्री होती, की तो चष्म्याशिवायच पुढे आला, बाह्या सावरल्या आणि झोकात सुरुवात केली. पहिलं अक्षर झालं. अर्धी सही झाली. त्यानं वर पाहिलं. वकील पेनाचं टोपण हातात धरून थांबले होते.

"अहो," आतल्या दारातून डोकावत त्याची बायको ओरडली. पण हाताला सवय असते. सहीची शेपटी ओढून झाली होती.

"तारीख घाला," वकील म्हणाले.

कागद पिशवीत गेले. थोरली पर्स शोधू लागली; ती तिच्या खांद्यालाच होती. चिमी अजून तिथेच उभी होती, कपाळाला आठ्या घालून.

"माझ्याच सहीत असं काय वाईट होतं?"

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "चहा टाक सगळ्यांना. दमलेत."

साक्षीला ऑफिसातले दोन कारकून घेऊन येऊ का, असं वकिलांनी आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं. काकू नको म्हणाल्या होत्या.