गोष्ट संपेस्तोवर गार

केसरने वेल्डिंगचा रॉड टेकवला, चरचर झाली आणि बोटभर टाका बसला. लगेच उठून ती रिमेच्या पलीकडे गेली आणि दुसरा टाका बरोब्बर समोर मारला. मग डोळ्यांपुढची काळी काच खाली ठेवून नवऱ्याला म्हणाली, "हं. करा सुरू."

स्टुलावर बसलेल्या चांगदेवाने चाचपडत पंजा रिमेजवळ नेला, धग जोखली. "हिला चिंबोरीची गोष्ट लागंल."

साहिलच्या जीपची रिम होती ती. डोंगरात, वाळूत जीपच्या शर्यती लावणारा पोरगा. वाळूत टायरची हवा कमी करायची, तर टायर रिममधून निसटतो. म्हणून रिमेच्या तोंडाला लोखंडी कडं वेल्ड करायचं, वर दुसरं कडं बोल्टांनी आवळायचं, टायरची कड मधे घट्ट. बीडलॉक म्हणतात. ऐकायला सोपं. पण लोखंड म्हणजे रुसका जावई. एकाच बाजूने तापवलं की तोंड वाकडं. दोन टाके समोरासमोर घालायचे आणि आपोआप गार होईस्तोवर गप बसायचं.

गप बसणं चांगदेवाला कधी जमलं नव्हतं. म्हणून तो गोष्ट सांगायचा. गोष्ट संपली की रिम गार, हे त्यांचं घड्याळ.

आजवर टाके तो घालायचा आणि केसर रिम फिरवून द्यायची. वेल्डिंगच्या उजेडानेच त्याचे डोळे खाल्ले. आता माणूस म्हणजे त्याला नुसता डाग. त्यांच्या जावयाने उरणला कंटेनर यार्डाच्या गेटवर काम बघून ठेवलं होतं. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली, त्याला डोळे कशाला लागतात, म्हणे. राहायचंही तिकडंच. ही रिम केसरच्या हातून सरळ उतरली तर रेवदंड्याचं दुकान चालणार. फिरताना डोलली, तर चांगदेव सकाळच्या एसटीने उरणला.

"तर ती चिंबोरी," तो म्हणाला, "तुटकी नांगी तोंडात धरून दारात आली. मी दोन टाके घातले. तवापासून खाडीत कुणाचा नट गंजला की तिला बोलावतात."

"आणि पैसं कोण घेतं?"

"ती न्हाय घेत. मानी हाय."

केसर हसली आणि पुढचे दोन टाके घातले. मग नारळाची गोष्ट झाली. ठिणगी माडावर उडाली आणि वरच्या वर शहाळ्यांची चटणी झाली ती. मग आणखी टाके, आणखी गोष्टी.

शेवटच्या टाक्यांपाशी केसरचा धीर सुटला. साहिल फोनवर फोन करत होता. तिने हळूच पाण्याची बादली उचलली, पण कडी वाजली.

"बादली ठेव गो."

"हात धुते मी."

"हात धुवाय येवढी बादली? पाणी पडलं का लोखंड दचकतं. सगळी मेहनत वाकडी."

"मग आटपा की लवकर गोष्ट."

"आटपली तर रिम कशी गार व्हायची?"

त्याने गोष्ट सुरू केली आणि मधेच थांबला. "तिकडं गेटवर कोण ऐकणार गो हे सगळं?"

केसरने पदराने कपाळ पुसलं, डोळेही पुसले. "पुढं सांगा. अजून तापलेली हाय."

त्याने सांगितली. शेवटपर्यंत.

मग तिने रिम जुन्या हबवर, चाक फिरतं त्या तुंब्यावर, चढवली. चांगदेवाने अंगठ्याचं नख कडेला अगदी चाटून धरलं आणि मान हलवली. केसरने रिम फिरवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डोलली असती तर दर फेऱ्याला नखाला टिचकी बसली असती. रिम फिरली, फिरली, मंद झाली, थांबली.

"परत फिरव."

तिने परत फिरवली. त्याचं नख जागचं हललं नाही.

"जावयाला फोन लाव," तो म्हणाला. "सांग, मला हितंच काम लागलंय."

केसरने फोन काही लावला नाही. तिने दुसरी रिम ओढत आणून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचा पंजा धरून गार लोखंडावर टेकवला.